हेल्मेटच्या आत काय घडतं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेल्मेटसक्ती, दंड, पोलीस यांवर आपल्याकडे भरपूर वाद होतात. पण ही वस्तू कशी घडली, ती नेमकं काय करते आणि तिला काय जमत नाही, हे मात्र कुणी समजावून सांगत नाही. घराघरांत, कॉलेजांत आणि कारखान्यांच्या गेटवर हेल्मेटबद्दल जे प्रश्न हमखास निघतात, त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

हेल्मेट टणक असतं म्हणून डोकं वाचतं ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. खरेदीपासून देखभालीपर्यंतच्या बहुतेक चुका यातूनच होतात, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगतो.

डोक्याला इजा होते ती ते अचानक थांबल्यामुळे. मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. कवटी जमिनीवर आदळून थांबते, पण मेंदू क्षणभर पुढे जातच राहतो आणि आतून हाडावर आपटतो. थांबण्यासाठी जितकं कमी अंतर मिळेल तितका हा धक्का मोठा. एक हिशेब करून पाहू. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. तिथून ते नुसतं खाली पडलं तरी जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९-२० किलोमीटर होतो. उघडं डोकं डांबरावर आपटलं तर त्वचा आणि हाड मिळून थांबायला फार तर ३ मिलिमीटर देतात. म्हणजे साधारण एक मिलिसेकंदात सगळं थांबतं आणि डोक्यावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट मंदन (वेग कमी होण्याचा दर) येतं. मधे २० मिलिमीटर चेपणारा थर असेल तर थांबायला सात मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ मिळतो आणि तोच आकडा ७५ पटींच्या आसपास येतो. हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षातला कमाल आकडा सरासरीपेक्षा जास्त असतो. तरी फरक केवढा आहे ते लक्षात येतं: १७ मिलिमीटर आणि सहा मिलिसेकंद.

हे १७ मिलिमीटर देतो तो आतला थर्मोकोल, म्हणजे एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन. बाहेरचं कवच टोकदार दगड आत शिरू देत नाही, आघात मोठ्या भागावर पसरवतं आणि रस्त्यावरून घसरत जातं. प्राण वाचवण्याचं मुख्य काम मात्र थर्मोकोल स्वतः चिरडून घेऊन करतो. त्याची सुमारे दोन तृतीयांश जाडी चेपली जाते, त्यापुढे तो दबत नाही. म्हणूनच चांगल्या हेल्मेटमध्ये हा थर अडीच-तीन सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असतो. दगडासारखं कडक हेल्मेट डोक्यासाठी दगडाइतकंच वाईट.

ही कल्पना सुचली कुणाला?

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगभर ओळखला जाणारा माणूस, मोटरसायकलवरून पडला. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला तो वळला होता. डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण न्यूरोसर्जन होते. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराचे निरोप्ये रात्री दिवे विझवलेल्या रस्त्यांवरून मोटरसायकली हाकत आणि मरत. केर्न्स यांनी त्या अपघातांच्या नोंदी गोळा केल्या. १९४१ साली त्यांनी पहिला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्याकडे हेल्मेट घातलेल्या फक्त सात अपघातग्रस्तांच्या नोंदी होत्या. ते सातही जण वाचले होते. सात हा काही मोठा आकडा नव्हे, पण लष्कराने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हेल्मेट सक्तीचं केलं आणि पुढच्या वर्षांत मृत्यू कमी होत गेल्याचं केर्न्स यांनी १९४६ मध्ये दाखवून दिलं.

ऑक्सफर्डमध्ये होलबर्न नावाचे भौतिकशास्त्रज्ञ केर्न्स यांच्याबरोबर काम करत होते. त्यांनी जिलेटिनचा मेंदू बनवून तो कवटीच्या आकारात हलवून पाहिला. डोकं सरळ आपटण्यापेक्षा झटक्याने फिरलं तर मेंदूत जास्त ताण पडतो, हे त्यांनी १९४३ मध्ये मांडलं. पुढे अमेरिकेत लोम्बार्ड आणि रॉथ यांना १९५३ साली पेटंट मिळालं. त्यांचा विचार असा की, हेल्मेटच्या आत ऊर्जा शोषणारा थर हवा. आजच्या प्रत्येक हेल्मेटमध्ये तोच विचार आहे.

सर्वसामान्य चालकांना हेल्मेटची सक्ती करणारा जगातला पहिला कायदा १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात आला. ब्रिटनमध्ये तो १९७३ साली झाला. ते पाहायला केर्न्स नव्हते. १९५२ मध्येच ते गेले होते. शल्यविशारद, भौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंते यांनी एकाच प्रश्नावर डोकं लावलं, म्हणून ही साधी दिसणारी वस्तू आपल्या हाती आली, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

खरंच जीव वाचतात का? आकडे काय सांगतात?

जगभरातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं आढळलं. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची सरकारी नोंद ५०,०२९ आहे. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते.

मी गावातल्या गावातच फिरतो, तीस-चाळीसच्या वर गाडी जात नाही. मग कशाला?

वरचा हिशेब पुन्हा पाहा. त्यात गाडीचा वेग धरलेलाच नाही. उभ्या गाडीवरून डोकं जमिनीवर आपटलं तरी ताशी वीसच्या वेगाने आपटतं आणि उघड्या कवटीला तेवढं पुरतं. चौकात सांडलेली वाळू, न रंगवलेला स्पीडब्रेकर, अचानक आडवं आलेलं कुत्रं, पावसात पाण्याखाली दडलेला खड्डा, हे सगळं किराणा आणायला जातानाच्या रस्त्यावरच भेटतं. उलट गावातला वेग हा हेल्मेट सगळ्यात चांगलं काम करू शकेल असा वेग आहे. हायवेवर शंभरच्या वेगाने समोरच्या ट्रकवर आदळल्यावर ते किती पुरेल याची खात्री कुणीच देणार नाही.

मान दुखते, मणक्याला इजा होते असं म्हणतात.

त्याच २००८ च्या आढाव्यात हेल्मेटमुळे मानेच्या दुखापती वाढतात असा पुरावा मिळाला नाही. रोज मान दुखत असेल तर बहुधा हेल्मेट जड आहे, ढिलं आहे किंवा बसायची पद्धत चुकते आहे. ढिलं हेल्मेट वाऱ्याने मागे ओढलं जातं आणि मान दिवसभर ते ओढणं झेलते. हलकं आणि नीट मापाचं घेतलं की बहुतेकांची तक्रार जाते. मणक्याचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. पण विचारताना ‘हेल्मेट घालू का?’ याऐवजी ‘दुचाकी चालवू का?’ असं विचारा.

बाजूचं दिसत नाही, हॉर्न ऐकू येत नाही?

युरोपीय मानकानुसार समोर पाहताना दोन्ही बाजूंना १०५ अंशांपर्यंत दिसायलाच हवं, म्हणजे खांद्यांच्याही थोडं मागे. ऐकण्याचं म्हणाल तर इंजिन आणि वारा यांचा आवाज हॉर्नला जितका झाकतो त्यात हेल्मेट फारशी भर घालत नाही. मात्र ओरखडे पडलेली काच रात्री समोरच्या दिव्यांनी पांढरी होते आणि काहीच दिसत नाही. अशी काच लगेच बदला, ती वेगळी मिळते.

केस गळतात. शिवाय नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात डोकं शिजतं.

टक्कल मुख्यतः आनुवंशिकतेने आणि संप्रेरकांमुळे पडतं. घट्ट, अस्वच्छ हेल्मेटच्या घर्षणाने केस तुटू शकतात आणि घामाने कोंडा वाढू शकतो, हे मात्र खरं. आतलं अस्तर काढून धुता येईल असं हेल्मेट घ्या, ते दर आठवड्याला धुवा आणि ओलं डोकं हेल्मेटमध्ये कोंबू नका.

उन्हाची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. ४५ अंशांच्या उन्हात सिग्नलवर थांबणं सोपं नाही. ज्यांनी हवामान पाहिलं नाही अशांनी ‘सवय होईल’ म्हणू नये. हवा खेळायला जागा असलेलं, फिकट रंगाचं हेल्मेट थोडा आराम देतं. उष्ण देशांसाठी सुरक्षित आणि हवेशीर हेल्मेट बनवणं हे आपल्याच अभियंत्यांचं काम आहे. थंड देशातला संशोधक ते आधी हाती घेणार नाही. आयआयटी दिल्लीत प्रा. दिनेश मोहन यांनी रस्ता सुरक्षेचं संशोधन भारतीय परिस्थिती समोर ठेवून उभं केलं. २०२१ मध्ये ते गेले. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या मुलांनी हा विषय जरूर घ्यावा.

स्कार्फ, अंबाडा, गजरा यांवर हेल्मेट चालेल?

पातळ सुती स्कार्फ चालतो, पण हेल्मेट विकत घेतानाच तो बांधून माप घ्या. स्कार्फचे चार वेढे घातले की हेल्मेट वर उचललं जातं आणि धक्क्याने निसटतं. उंच अंबाड्यावर ते टेकतं आणि कपाळ उघडं पडतं. केस मानेजवळ खाली बांधा.

योग्य माप कसं ओळखायचं?

भुवयांच्या थोडं वर, कानांच्या वरून, डोक्याचा सगळ्यात रुंद भाग टेपने मोजा आणि कंपनीच्या तक्त्यात त्या सेंटिमीटरला कुठला आकार दिला आहे ते पाहा. घातल्यावर गाल हलकेच दाबले जायला हवेत. पट्टा लावून डोकं जोरात डावीकडे-उजवीकडे हलवा; हेल्मेट डोक्याबरोबर फिरायला हवं, मागे राहायला नको. मग मागची कड धरून हेल्मेट पुढे ढकला. ते डोक्यावरून निघालं तर तो आकार तुमचा नाही. दुकानात दहा मिनिटं घालून बसा. कपाळावर एकाच ठिकाणी टोचत असेल तर दुसरी कंपनी पाहा, कारण प्रत्येक कंपनीचा आतला आकार वेगळा असतो.

आणि पट्टा. पट्टा न लावता डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच उडतं आणि मग डोकं रिकामंच आपटतं. हनुवटी आणि पट्टा यांच्यात दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा. पोलिसांपुरतं घालणाऱ्यांचा पट्टा नेहमी लोंबत असतो. घातलंच आहे तर दोन सेकंद त्यासाठीही द्या, एवढी कळकळीची विनंती आहे.

आयएसआय शिक्का खरा की खोटा?

१ जून २०२१ पासून दुचाकीच्या प्रत्येक हेल्मेटवर आयएसआय शिक्का बंधनकारक आहे आणि त्याशिवाय हेल्मेट बनवणं-विकणं बेकायदेशीर आहे. तरी हायवेच्या कडेला दोरीवर टांगून दोनशे-अडीचशेला हेल्मेटं विकली जातातच. खऱ्या शिक्क्याच्या वर ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोफत ॲपवर तो परवाना क्रमांक टाकला की कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. हाताने तपासायचं असेल तर अस्तर थोडं बाजूला करा. आत जाड, सलग थर्मोकोल दिसला पाहिजे. तिथे नुसता मऊ स्पंज असेल तर ती फक्त प्लॅस्टिकची टोपी आहे, कितीही चकचकीत असली तरी.

बांधकामावरचं पिवळं हेल्मेट किंवा क्रिकेटचं हेल्मेट चालेल का?

नाही. बांधकामाचं हेल्मेट वरून पडणाऱ्या विटेसाठी असतं. त्यात पट्ट्यांची जाळी असते आणि बाजूने येणाऱ्या आघातासाठी जवळजवळ काही नसतं. क्रिकेटचं हेल्मेट चेंडूसाठी आणि सायकलचं सायकलसाठी असतं. ज्या धोक्यासाठी वस्तू तपासली, त्यासाठीच ती वापरायची.

फुल फेस घ्यावं की उघड्या तोंडाचं?

फुल फेस. जर्मनीत डिटमार ओट्टे यांनी खऱ्या अपघातांतल्या हेल्मेटांवर आघात कुठे बसले याचा नकाशा काढला. जवळजवळ एक तृतीयांश आघात हनुवटी-जबड्याच्या भागावर होते. अर्ध्या हेल्मेटमध्ये नेमका तोच भाग उघडा राहतो. गुदमरल्यासारखं होतं म्हणून फुल फेस नको असेल, तर निदान कान आणि डोक्याची मागची बाजू पूर्ण झाकणारं घ्या.

महाग हेल्मेट जास्त सुरक्षित असतं का?

तसं गृहीत धरू नका. ब्रिटनच्या वाहतूक खात्याचा ‘शार्प’ हा उपक्रम हेल्मेटं विकत घेऊन त्यांची चाचणी करतो आणि पाचपैकी तारे देतो. स्वस्त हेल्मेटांना पाच तारे आणि महागड्यांना त्याहून कमी, असं तिथे अनेकदा झालं आहे. जास्त पैसे घेतले जातात ते हलकेपणा, हवेशीरपणा, रंगकाम आणि नाव यांसाठी.

एका गोष्टीसाठी मात्र जास्त पैसे मोजणं मला पटतं. होलबर्न यांनी जिलेटिनवर पाहिलेलं डोकं फिरण्याचं संकट मानकांमध्ये फार उशिरा आलं. स्वीडनमध्ये न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि अभियंता पीटर हाल्डिन यांनी हेल्मेटच्या आत किंचित सरकणारा एक थर बसवला. तिरका आघात झाला की हेल्मेट काही मिलिमीटर फिरतं आणि डोकं तेवढं कमी फिरतं. ‘मिप्स’ हे नाव तुम्ही ज्या हेल्मेटांवर वाचता ती हीच. युरोपच्या नव्या मानकात, म्हणजे ‘ईसीई २२.०६’मध्ये, तिरक्या आघाताची चाचणीही आली आहे. परवडत असेल तर हे पाहून घ्या. परवडत नसेल तर खऱ्या शिक्क्याचं, योग्य मापाचं साधं हेल्मेट निश्चिंतपणे घ्या.

एकदा पडल्यावर बदलायलाच हवं का? आणि किती वर्षांनी?

डोक्यात असताना आपटलं असेल तर बदलाच, बाहेरून ओरखडाही नसला तरी. चेपलेला थर्मोकोल पुन्हा फुगत नाही. त्या जागेचे मिलिमीटर एकदा वापरून झाले. रिकामं हेल्मेट हातातून निसटून पडलं तर सहसा एवढी इजा होत नाही, पण सवय म्हणून आपटू नका. आरशावर टांगून ठेवल्याने आतल्या थर्मोकोलला खळगा पडतो. पेट्रोल, थिनर किंवा स्प्रेचा रंग लावू नका; प्लॅस्टिक आणि थर्मोकोल दोन्ही त्याने खराब होतात. साबणाचं पाणी पुरेसं आहे. रोजच्या वापराचं हेल्मेट पाच वर्षांनी बदलावं असा सर्वसाधारण सल्ला असतो. जुनं टाकताना पट्टा कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी ते वापरणार नाही.

लहान मुलांचं काय? आणि डबलसीट बसणाऱ्यांचं?

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्याने हेल्मेट लागतं, मागे बसणाऱ्यालाही. नसेल तर हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन अशी तरतूद आहे. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही हेल्मेट, चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम आहे.

मुलाला स्कूटरवर पुढे उभं करणं मात्र हेल्मेट असूनही धोक्याचंच. अचानक ब्रेक लागला की मागच्या मोठ्या माणसाचं सगळं वजन मुलावर येतं आणि पुढे हँडल असतं. मोठ्यांचं हेल्मेट मुलाला घालू नका, ते डोक्यावर फिरतं. मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बायका खड्ड्यातल्या एका हिसक्याने पाठीमागे फेकल्या जातात आणि डोकं आधी टेकतं. चालवणाऱ्या नवऱ्याच्या किंवा मुलाच्या डोक्यावर चांगलं हेल्मेट आणि मागे बसलेली आई उघड्या डोक्याने, हे दृश्य आपल्या प्रत्येक शहरात रोज दिसतं. वरचा १४,३३७ हा आकडा तिथून येतो. घरात एकच हेल्मेट असेल तर पुढचा खर्च दुसऱ्याचा करा.

हेल्मेट घालूनही माणसं जातातच की.

जातात. छाती, पोट, मान यांना हेल्मेट काही करू शकत नाही, आणि त्याची मिलिमीटरं संपली की डोक्यालाही नाही. म्हणूनच खड्डे, अंधारे चौक, चुकीच्या बाजूने येणारी वाहनं यांबद्दल प्रशासनाला जाब विचारणं हेल्मेटइतकंच गरजेचं आहे. १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, त्याने ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊन पडणं कमी होतं. ‘आधी रस्ते सुधारा, मग हेल्मेट घालू’ असं म्हणणाऱ्यांचा राग योग्य जागी आहे, पण रस्ता सुधारेपर्यंत डोकं त्याच रस्त्यावर असणार आहे.

अपघात झालेला दिसला. जखमीचं हेल्मेट काढायचं का?

श्वास चालू असेल तर काढू नका. १०८ ला फोन करा, काच वर करा आणि मान हलू देऊ नका. पाणी पाजू नका. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या ते फुप्फुसात जातं. श्वास थांबला असेल किंवा उलटीने तोंड भरलं असेल तरच हेल्मेट काढावं लागतं आणि तेही दोघांनी मिळून: एकाने जबडा आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरायची, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट बाजूंनी किंचित ताणून सरळ रेषेत हळूहळू ओढायचं. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही. मोटार वाहन कायद्यातच तसं संरक्षण दिलं आहे.

जखमी उठून बसला, ‘काही झालं नाही’ म्हणाला, तरी एकटं सोडू नका. कवटीच्या आतला रक्तस्राव काही तासांनी जाणवू शकतो. पुढच्या चोवीस तासांत उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. आणि त्याचं हेल्मेट रस्त्याकडेला टाकून देऊ नका, सोबत न्या. ते कुठे चेपलं आहे यावरून मार कुठे बसला हे डॉक्टरांना कळतं.